ट्रेलर घेताय? मग नगरपालिका चालवायला शिका

अमेरिकेत स्थिरावलेल्या मराठी माणसाची खरेदी साधारण ठरलेल्या क्रमाने होते. आधी वापरलेली टोयोटा, मग घर, मग तळघरात होम थिएटर, आणि मुलं कॉलेजच्या उंबरठ्यावर आली की एखाद्या रिकाम्या शनिवारी आरव्ही शो. तिथे बावीस-पंचवीस फुटांचा पांढरा ट्रॅव्हल ट्रेलर उभा असतो. आत पलंग, ओटा, शेगडी, फ्रीज, संडास-बाथरूम, छतावर एसी. विक्रेता म्हणतो, "तुम्ही जाल तिथे तुमचं घर तुमच्याबरोबर येतं." ते खरंच आहे. फक्त घराच्या पाठीशी असते ती नगरपालिका बरोबर येत नाही, हे तो सांगत नाही. पाणीपुरवठा, मलनिस्सारण, वीज, रस्ते, अग्निशमन आणि तक्रार निवारण ही सगळी खाती यापुढे नवरा-बायकोला आपसांत वाटून घ्यायची आहेत. निवडणूक हरून यातून सुटका होत नाही.

पुढच्या सूचना अशा नवनिर्वाचितांसाठी.

वजन आणि पाटा-वरवंटा

अमेरिकेतले बहुतेक ट्रेलर इंडियाना राज्यात एल्कहार्ट आणि आसपासच्या गावांत तयार होतात. चकचकीत ॲल्युमिनियमचा एअरस्ट्रीम ओहायोतल्या जॅक्सन सेंटरला होतो. त्याच्यापुढे उभं राहून फोटो काढावा, किंमत विचारावी आणि पुन्हा एल्कहार्टकडे वळावं, हा शिष्टसंमत मार्ग आहे.

माहितीपत्रकात ट्रेलरचं रिकामं वजन छापलेलं असतं. ते वाचून "आपली एसयूव्ही ओढेल की!" असं म्हणणाऱ्याने आधी दोन चिकट्या वाचाव्यात. एक ट्रेलरच्या दाराजवळ असते. ट्रेलरमध्ये किती पौंड सामान भरता येईल, ते तिच्यावर लिहिलेलं असतं. दुसरी गाडीच्या ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर असते. गाडीला माणसं, सामान आणि ट्रेलरच्या तोंडाचा भार मिळून किती झेपेल, ते तिच्यावर असतं. घोळ बहुतेक वेळा या दुसऱ्या चिकटीवर होतो.

समजा, ट्रेलरची सामानाची क्षमता हजार पौंड आहे. एक गॅलन पाणी आठ पौंडांहून थोडं जास्त भरतं, म्हणजे चाळीस गॅलनची टाकी भरली की सव्वातीनशे पौंड तिथेच संपले. मग खुर्च्या, चादरी, पाण्याचे पाइप, हत्यारं. मग वीस पौंडांची कणकेची पिशवी ("तिथे कुठे मिळायची?"), तांदूळ, तीन मापांचे कुकर, मिक्सर, पोळपाट, तवा, आणखी एक तवा. दोन महिन्यांसाठी म्हणून आलेल्या सासूबाई बरोबर असतील तर छोटा खलबत्ताही. १९५४ सालच्या 'द लाँग, लाँग ट्रेलर' या चित्रपटात ल्युसिल बॉल प्रत्येक मुक्कामावरून आठवण म्हणून दगड गोळा करते. नवऱ्याने ते टाकून द्यायला सांगितलेलं असतं, तरी ती ते ट्रेलरमध्ये लपवून ठेवते आणि पुढे डोंगराचा घाट लागतो. ट्रेलर घेण्याआधी हा चित्रपट जोडीने पाहावा. प्रेक्षक तिला हसतात, कारण त्यांना स्वतःचा पाटा-वरवंटा दिसत नाही.

किती भरलंय याचा अंदाज करत बसू नका. महामार्गावरच्या ट्रक थांब्यांवर मोठे वजनकाटे असतात. भरलेला ट्रेलर गाडीसकट त्यावर न्या, थोडे डॉलर द्या, पावती घ्या. मागे अठरा चाकी ट्रकांची रांग लागेल. लागू दे.

सामान कुठे ठेवलं, हेही पाहावं लागतं. भरलेल्या ट्रेलरच्या एकूण वजनाच्या दहा ते पंधरा टक्के भार पुढच्या टोकावर, म्हणजे हिचवर यायला हवा. सगळं जड सामान मागच्या कपाटात कोंबलं तर वेग वाढल्यावर ट्रेलर शेपूट हलवू लागतो. या जागी विनोद बाजूला ठेवतो. ट्रेलर झुलू लागला तर गाडीचा ब्रेक दाबू नका आणि चाक इकडेतिकडे फिरवू नका. ॲक्सिलरेटरवरून पाय काढा, चाक सरळ धरा आणि ब्रेक कंट्रोलरची छोटी कळ हाताने सरकवून फक्त ट्रेलरचे ब्रेक लावा. ही कळ कुठे आहे ते घरापुढेच हाताला पाठ करून ठेवा, कारण ऐन वेळी शोधायला फुरसत मिळत नाही.

जोडणी: मौनव्रत

हिचचे गोळे वेगवेगळ्या मापांचे असतात. दोन इंची आणि दोन पूर्णांक पाच षोडशांश इंची, ही दोन मापं नेहमीची. मोठ्या खोबणीत लहान गोळाही बसल्यासारखा दिसतो, आणि खड्डा आला की निसटतो. म्हणून खटका लावल्यावर पुढचा जॅक थोडा वर करून पाहावा. गाडीचा मागचा भागही वर उचलला गेला, तर जोडणी खरी. साखळ्या टोकाखालून एकमेकींना छेद देऊन लावाव्यात, म्हणजे तोंड सुटलं तरी ते रस्त्यावर न आपटता साखळ्यांच्या झोळीत पडतं. ट्रेलर सुटलाच तर त्याचे ब्रेक आपोआप लावणारी बारीक केबल गाडीला स्वतंत्रपणे अडकवावी. साखळीतच गुंडाळली तर साखळीबरोबर तीही जाईल.

हे सगळं करत असताना शेजारच्या साइटवरचा गृहस्थ हमखास कॉफीचा मग घेऊन येतो. तो स्वभावाने फार चांगला असतो. तो विचारतो, तुम्ही मूळचे कुठले? मग तो १९९८ साली त्याच्या कंपनीच्या कामाने बंगलोरला गेला होता, ते सांगतो. ऐकून घ्या, हसा, आणि तो गेल्यावर पहिल्या पायरीपासून पुन्हा सुरुवात करा. गोळा बसल्याचं आठवतं आणि खटका लावल्याचं आठवत नाही, अशा स्थितीत कोणीही निघू नये.

चाकांबद्दल थोडक्यात. ट्रेलरचे टायर झिजण्याआधी म्हातारे होतात. नक्षी कोरी दिसते आणि बाजूचं रबर आतून कुजलेलं असतं. टायरच्या कडेला चार आकडी जन्मपत्रिका असते. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. पाच-सहा वर्षं झाली की दिसायला कितीही देखणा असला तरी त्याला निवृत्त करावं. प्रवासाला निघाल्यावर चाकांचे नट पहिल्या पन्नास मैलांत पुन्हा आवळून पाहावेत, आणि बेअरिंगना वर्षातून एकदा नवं ग्रीस द्यावं.

रिव्हर्स: सार्वजनिक कार्यक्रम

दुपारी चारच्या सुमारास कॅम्पग्राउंडवरचे अनुभवी लोक आपापल्या खुर्च्या रस्त्याकडे वळवतात. या वेळेला नवे ट्रेलर येतात आणि ते मागे घ्यावे लागतात.

ट्रेलर उलटा वळतो. युक्ती एकच: स्टिअरिंग खालच्या बाजूला धरा, म्हणजे हात ज्या दिशेला जाईल त्या दिशेला ट्रेलरची शेपटी जाईल. हे अर्ध्या तासात कोणालाही येतं. खाली उतरून दिशा दाखवणाऱ्या माणसाला मात्र पुष्कळ शिकावं लागतं. शिक्षणासाठी त्याने किंवा तिने एसटीचा कंडक्टर आठवावा. तो डेपोत उतरून मागे जाऊन पत्र्यावर थाप मारत "येऊ दे, येऊ दे" म्हणायचा आणि मग एकच खणखणीत "बस्स!" तेवढ्या शब्दांवर ड्रायव्हर पन्नास माणसांची बस भिंतीपासून वीतभर अंतरावर थांबवायचा. "अरे जरा असं घे ना" ही दिशा होत नाही. "तुमच्या डावीकडे की माझ्या डावीकडे?" हा प्रश्न निर्माण होऊ नये म्हणून 'ड्रायव्हरची बाजू' आणि 'दुसरी बाजू' एवढेच शब्द वापरा. आणि तुम्हाला ड्रायव्हरच्या आरशात ड्रायव्हर दिसत नसेल, तर त्यालाही तुम्ही दिसत नाही, हे लक्षात ठेवून बाजूला सरका.

लागोपाठ तीनदा चुकलं तर दोघांनी खाली उतरून जागा पायी पाहून यावी. वाद घालायचा झाल्यास मराठीत घालावा. खुर्च्यांवरच्या मंडळींना शब्द कळत नाहीत. आशय कळतो, पण त्याला इलाज नाही.

पाणी, आणि त्याचं पुढे काय होतं

पिण्याचं पाणी पांढऱ्या किंवा निळ्या पाइपने घ्यावं, बागेच्या हिरव्या पाइपने नव्हे. नळाला आधी प्रेशर रेग्युलेटर लावावा. काही कॅम्पग्राउंडच्या नळांना इतका जोर असतो, की ट्रेलरमधले सांधे पहिल्याच रात्री सुटतात.

आता मूळ विषय. ट्रेलरच्या पोटाखाली घाण पाण्याच्या दोन टाक्या असतात. सिंक आणि अंघोळीच्या पाण्याची ती ग्रे, संडासची ती ब्लॅक. कॅम्पग्राउंडवर जमिनीत गटाराचं तोंड असतं, त्याला तीन इंची लवचिक पाइपने जोडता येतं. इथे नवशिक्याला वाटतं, जोडलंय तर व्हॉल्व उघडाच ठेवू, आपोआप वाहून जाईल. नाही. उघड्या व्हॉल्वमधून पाणी निघून जातं, घन पदार्थ मागे राहतात आणि भोकाखाली त्यांचा मनोरा उभा राहतो. हा मनोरा सुकल्यावर त्याच्याशी जे करावं लागतं, ते दिवाळी अंकात छापता येणार नाही. ब्लॅक टाकीचा व्हॉल्व बंद ठेवायचा. टाकी निदान दोन तृतीयांश भरू द्यायची, मग एकदम सोडायची. आधी ब्लॅक, मागून ग्रे, म्हणजे साबणाचं पाणी पाइप धुऊन जातं. पाइपच्या तोंडाला पारदर्शक कोपर लावलं तर कधी स्वच्छ झालं ते दिसतं. हातमोजे वापरायचे आणि फेकायचे. पांढऱ्या पाइपने हे धुवायचं नाही, आणि दोन्ही पाइप एकाच पेटीत ठेवायचे नाहीत. मोज्यांचा हात दाराच्या मुठीला लावायचा नाही, हे सासऱ्यांना दोनदा सांगायचं.

या टाकीची प्रकृती उत्तम ठेवण्याचा सगळ्यात सोपा उपाय म्हणजे भरपूर पाणी. डीलर गिऱ्हाइकांना विनवतात, प्रत्येक वेळी जास्त पाणी सोडा, विरघळणारा पातळ कागदच वापरा. मराठी घरात हा प्रश्न निम्मा सुटलेला असतो. तांब्या म्हणा, स्प्रे म्हणा, पाणी जातंच आणि कागद कमी लागतो. टाकी लवकर भरते खरी, पण तुंबत नाही. आपल्या संस्कृतीचं अमेरिकेत अनेक ठिकाणी कौतुक होतं, पण या ठिकाणी ती अभियांत्रिकीदृष्ट्या बरोबर आहे.

तसंच अंघोळीचं. बऱ्याच ट्रेलरच्या गीझरमध्ये जेमतेम सहा गॅलन पाणी असतं. शॉवरखाली उभं राहून विचार करणारा माणूस थोड्याच मिनिटांत थंड पाण्याखाली येतो, आणि तोवर ग्रे टाकी भरायला लागलेली असते. अर्धी बादली आणि मग घेतला की तेवढ्याच पाण्यात दोघांचं होतं. बादली बाहेर ओतायची नाही मात्र. बहुतेक कॅम्पग्राउंडवर साबणाचं पाणी जमिनीवर टाकायला मनाई असते, आणि खुर्च्या अजून रस्त्याकडेच वळलेल्या असतात.

टाक्या किती भरल्या हे दाखवणारी दिव्यांची पट्टी भिंतीवर असते. ब्लॅकचा दिवा थोड्याच दिवसांत कायमचा 'दोन तृतीयांश' दाखवू लागतो, कारण आतल्या सेन्सरला कागद चिकटतो. भरवसा ठेवायचा नाही.

वीज: तीस अँपिअरचं राज्य

बहुतेक लहान ट्रेलरना तीस अँपिअरची जोडणी असते. तीस गुणिले एकशेवीस व्होल्ट, म्हणजे छत्तीसशे वॉट, सगळ्या घराला मिळून. एसी दीड हजाराच्या आसपास खातो. मायक्रोवेव्ह जवळजवळ तेवढंच. गीझर विजेवर चालू असेल तर तोही साधारण तेवढंच. इंडक्शनची शेगडी पूर्ण जोरावर अठराशे. यांतली दोन एका वेळी चालतात. तिसरं लावलं की ब्रेकर पडतो आणि शांतता पसरते. घरात वीज मंडळातून निवृत्त झालेले कोणी असतील, तर त्यांना भारनियमनाचं खातं देऊन टाकावं. भात शिजत असताना एसी बंद, असे हुकूम ते मोठ्या समाधानाने सोडतात, आणि त्यांच्या हुकमाला इतक्या वर्षांत पहिल्यांदाच कोणी हरकत घेत नाही.

खांबाला थेट जोडू नका. मध्ये व्होल्टेज तपासून गरज पडल्यास तोडणारं संरक्षक यंत्र लावा. उन्हाळ्यात सगळ्यांचे एसी चालू असताना जुन्या कॅम्पग्राउंडचं व्होल्टेज इतकं खाली येतं, की एसीचा कॉम्प्रेसर जळू शकतो.

फोडणी

ट्रेलरमधला धुराचा अलार्म पलंगापासून आणि शेगडीपासून सारख्याच अंतरावर, म्हणजे चार पावलांवर असतो. मोहरी तडतडली की तो वाजतो. मिरची पडली की तो वाजतो आणि सगळे खोकतात. त्याची बॅटरी काढून ठेवण्याचा उपाय प्रत्येक मराठी ट्रेलरमध्ये कोणीतरी सुचवतो. तो मान्य करू नये. जमिनीलगत दुसरा एक अलार्म असतो, तो प्रोपेनचा. प्रोपेन हवेपेक्षा जड असल्याने तो खाली साचतो, म्हणून त्याचा पहारेकरीही खालीच. त्याचं आयुष्य पाच ते सात वर्षं असतं. मुदत संपली की नवा बसवावा.

फोडणी बाहेर करावी. एक छोटी शेगडी, वाऱ्याला आडोसा, लांब दांड्याची पळी. नाहीतर हिंगाचा वास पडद्यांत बसतो आणि ट्रेलर विकताना किमतीतून वजा होतो. अस्वलांच्या मुलखात मात्र बाहेर शिजवलेलं, उरलेलं, सांडलेलं सगळं ताबडतोब आत किंवा लोखंडी पेटीत ठेवायचं. योसेमिटीसारख्या उद्यानात हा नियम आहे, आणि तो मोडला तर दंड होतो. अस्वलाला साजूक तुपाचा वास नवा आहे म्हणून ते येणार नाही, अशा समजात राहू नये.

फ्रीज जुन्या पद्धतीचा, गॅसवर चालणारा असेल, तर ट्रेलर समतल उभा केल्याशिवाय तो लावू नका. १९२२ साली बाल्टझार फॉन प्लाटेन आणि कार्ल मुंटर्स या दोन स्वीडिश विद्यार्थ्यांनी ही युक्ती काढली. ज्योत पेटवून थंडावा मिळवायचा, मध्ये एकही हलता भाग नाही. अमोनिया, पाणी आणि हायड्रोजन नळ्यांतून आपापल्या वजनाने फिरतात. ट्रेलर कलता असेल तर द्राव एका जागी अडतो, तापतो, आणि दुरुस्तीचा आकडा ऐकून आपण गार पडतो. नव्या ट्रेलरमध्ये बॅटरीवरचा कॉम्प्रेसर फ्रीज येतो, त्याला ही नाजूक तब्येत नाही. समतल करण्याचा क्रम मात्र दोघांसाठी सारखा: आधी चाकाखाली फळ्या घालून डावं-उजवं, मग चाकांना पाचरी, मग गाडी सोडवून पुढच्या जॅकने पुढचं-मागचं. कोपऱ्यांवरचे चार जॅक ट्रेलर डोलू नये म्हणून असतात. त्यांच्यावर ट्रेलर उचलायला गेलात तर तेच वाकतात.

रस्ते खातं

फोनवरच्या नकाशाला तुमची गाडी टोयोटाच वाटते. मागे साडेदहा फूट उंचीचं घर आहे हे त्याला ठाऊक नसतं. न्यू यॉर्कच्या पार्कवे नावाच्या देखण्या रस्त्यांवर ट्रेलरला बंदी आहे आणि पूल बुटके आहेत. कनेक्टिकटच्या मेरिट पार्कवेवरही ट्रेलर चालत नाही. नॉर्थ कॅरोलायनातल्या डरहॅमचा एक रेल्वे पूल ट्रकांचे आणि ट्रेलरचे माथे सोलण्यासाठी इतका प्रसिद्ध झाला, की २०१९ साली तो आठ इंच उचलून बारा फूट चार इंचांवर नेला. अजूनही काही जण त्याला भेटून जातात.

न्यू जर्सीतल्या एडिसनहून वॉशिंग्टनकडे जाणाऱ्यांची एक खास अडचण आहे. बाल्टिमोरच्या दोन्ही बोगद्यांतून दहा पौंडांपेक्षा मोठं प्रोपेन सिलिंडर नेता येत नाही, आणि ट्रेलरवरचं नेहमीचं सिलिंडर वीस पौंडांचं असतं. पूर्वी अशांसाठी फ्रान्सिस स्कॉट की पूल होता. २६ मार्च २०२४ रोजी मालवाहू जहाज धडकून तो कोसळला. आता शहराला पश्चिमेकडून वळसा घालावा लागतो. व्हर्जिनियातल्या शेनान्डोआ उद्यानाला जायचं असेल तर मुळात बाल्टिमोरच्या वाटेला जाऊच नका. पेनसिल्व्हेनियातून ७८ आणि ८१ नंबरच्या महामार्गांनी उतरा. ट्रक पुष्कळ, बोगदे नाहीत.

कॅलिफोर्नियात ट्रेलर ओढणाऱ्याला ताशी ५५ मैलांची मर्यादा आहे. तिथले मराठी लोक हे ऐकून आश्चर्य व्यक्त करतात आणि ७० ने निघून जातात. ट्रेलरच्या बऱ्याच टायरची स्वतःची मर्यादा ६५ असते, आणि टायर दंडाची पावती देत नाही.

शाकारणी आणि हिवाळा

ट्रेलर मरतो तो बहुधा पाण्याने, आणि तेही हळूहळू, वरून. छतावर रबराचा पातळ पडदा असतो. जिथे जिथे त्याला भोक पाडून खिडकी, पंखा किंवा एसी बसवलेला असतो, तिथे कडेने सीलंट भरलेलं असतं. उन्हाने ते तडकतं. वर्षातून निदान दोनदा शिडी लावून वर जाऊन पाहावं. कोकणात वाढलेल्यांना मृगाआधीची शाकारणी माहीत असते, त्यांना हे समजवावं लागत नाही. बाकीच्यांनी चिरा दिसताच छतासाठीचं खास सीलंट भरावं. हार्डवेअरच्या दुकानातलं सिलिकोन वापरू नये. ते काही दिवसांत सुटतं आणि नंतर त्याच्यावर दुसरं काहीच चिकटत नाही. बाहेरची भिंत फुगलेली दिसली, तर पाणी कधीच आत पोचलेलं असतं.

आता मुक्काम. तुमच्या कॉलनीच्या घरमालक संघटनेचं पत्र एव्हाना आलेलंच असेल: घरासमोर ट्रेलर उभा करता येणार नाही. तेव्हा महिन्याच्या भाड्याने जागा घ्या. हिवाळ्यात पाणी गोठण्याआधी सगळ्या टाक्या रिकाम्या करा. गीझर थंड झाल्यावर आणि दाब सोडल्यावरच त्याचा बूच काढा. स्टीलच्या टाकीचा असेल तर बुचाला लागून आलेली गंजखाऊ कांडी पाहा आणि झिजली असल्यास बदला. मग गीझर बायपास करा, म्हणजे सहा गॅलन अँटिफ्रीज त्याच्या पोटात वाया जाणार नाही. पंपाने अँटिफ्रीज ओढून प्रत्येक नळातून रंग येईपर्यंत सोडा, गरम आणि थंड दोन्हीकडून. संडासचा नळ विसरू नका, बाहेरचा शॉवर तर नक्कीच विसराल. सिंकखालच्या वाकड्या नळीत एकेक कप ओता. आणि बाटली घेताना गुलाबी, ट्रेलरच्या पाणी-नळांसाठीचं असं लिहिलेलीच घ्या. गाडीच्या रेडिएटरचं अँटिफ्रीज विषारी असतं.